सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू कुणाच्या हातात?

(पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

कोकणातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेतल्या विज्ञान शिक्षिकेचं हे पत्र. नोकरीला अकरा वर्षं झाली. नववीच्या तुकडीत ५६ मुलं, प्रयोगशाळेत चार सूक्ष्मदर्शक. एकाचा आरसा हरवलाय, एकाच्या भिंगावर बुरशी चढलीय, म्हणजे हाताशी दोनच. गेल्या वर्षी शाळेत स्मार्ट टीव्ही आला आणि बाई कांद्याच्या पापुद्र्याचं प्रात्यक्षिक आभासी प्रयोगशाळेत घेऊ लागल्या. मुलं खूश. पायऱ्या तोंडपाठ, भागांची नावं तोंडपाठ, चाचणीत बहुतेकांना पैकीच्या पैकी. जानेवारीत त्याच मुलांना खऱ्या सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं, तर निम्म्यांना स्वतःच्या पापण्या दिसल्या. एका मुलीनं विचारलं, "बाई, ह्यात झूम कुठनं करायचं?" एका मुलानं फोकसचा मोठा स्क्रू फिरवत फिरवत स्लाइडच फोडली. मुख्याध्यापक म्हणाले, "टीव्हीवर सगळं दिसतंय ना? मग ती कपाटातली वस्तू कशाला काढता?" बाई लिहितात, "पूर्वी मी स्वतः फोकस करून द्यायचे, मुलं रांगेनं येऊन बघून जायची, एका तासात अख्खा वर्ग व्हायचा. तेव्हा असला प्रकार कधी झाला नाही. टीव्हीनं मुलांचे हात बिघडवले का? हे आभासी प्रकरण बंद करू, की सरांचं ऐकून खरं यंत्र कपाटातच राहू देऊ? काहीही केलं तरी मुलांना फसवल्यासारखं वाटतं."

ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय. "पूर्वी मी स्वतः फोकस करून द्यायचे." मी तिथंच अडकले.

जरा हिशोब करू. तास ३५ मिनिटांचा, मुलं ५६. यंत्र एक धरलं तर एकाच्या वाट्याला ३७ सेकंद. त्यातून बाकावरून उठून येणं, वाकणं, कुठला डोळा मिटायचा ते ठरवणं, मागच्याचा धक्का, हे सगळं वजा करा. उरले दहाएक सेकंद. तेवढ्यात मुलानं नेमकं काय पाहिलं, हे तुम्हाला कसं कळायचं? तुम्ही विचारायचात, "दिसलं का?" तो म्हणायचा, "दिसलं." मागे रांग उभी असताना 'नाही दिसलं' म्हणायची छाती नववीत कुणाची असते?

माझी तर अकरावीतही नव्हती. सरांनी फोकस करून ठेवलेल्या यंत्रात मला एक काळ्याकुट्ट कडेचं, आतून चकचकीत गोल दिसलं. पुस्तकात मात्र विटांच्या भिंतीसारख्या रचलेल्या पेशी होत्या. मी मैत्रिणीला हळूच विचारलं, "दिसलं?" ती म्हणाली, "दिसलं." मग दोघींनी जर्नलमध्ये पुस्तकातलं चित्र काढलं, टोकदार पेन्सिलीनं, अगदी नीटनेटकं. खाली लाल शाईत सही आणि 'उत्तम'. ते गोल म्हणजे कव्हरस्लिपखाली (स्लाइडवर ठेवतात त्या पातळ काचेखाली) अडकलेला हवेचा बुडबुडा होता, हे मला बी.एस्सी.ला गेल्यावर कळलं. मैत्रिणीला काय दिसलं होतं ते मी कधी विचारलं नाही. तिनंही मला विचारलं नाही.

तर माझा पहिला प्रश्न: पूर्वी असा प्रकार झाला नाही, की झालेला तुम्हाला दिसला नाही? स्लाइड फुटायची तर आधी स्क्रू मुलाच्या हातात यावा लागतो. तो इतकी वर्षं तुमच्या हातात होता, म्हणून स्लाइडी शाबूत राहिल्या. पापण्या त्याही मुलांना दिसल्या असणार; फक्त त्या 'दिसलं'मध्ये खपून गेल्या. टीव्हीनं हात बिघडवले असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, हात बिघडायला आधी ते वापरलेले तरी हवेत. उलट टीव्हीवर तुमच्या मुलांनी नॉब फिरवला, माउसनं का होईना. रांगेतल्या मुलांनी तेवढंही केलं नव्हतं. ती रांगही एक पडदाच होती ताई, फक्त पितळी नळीतून बघायचा.

हे दोष द्यायला लिहीत नाही. मीही वीस-बावीस वर्षं तेच केलं. ५६ मुलं, दोन यंत्रं आणि डोक्यावर अभ्यासक्रम असला की माणूस हेच करतो. पण 'खरं विरुद्ध आभासी' अशी जी फाळणी तुम्ही मनात केलीय, ती जरा बाजूला ठेवा. त्याऐवजी एवढंच विचारा: या क्षणी स्क्रू कुणाच्या हातात आहे, आणि चित्र हरवलं तर ते शोधायचं काम कुणाचं आहे? या प्रश्नानं दोन्हींची उलटतपासणी होते.

आता आभासी प्रयोगशाळेकडे या कसोटीनं पाहू. केंद्र सरकारची संगणक संस्था सी-डॅक आणि अमृता विश्व विद्यापीठम् यांची ओलॅब्स ही ऑनलाइन प्रयोगशाळा नववी ते बारावीसाठी आहे आणि तिच्यात मराठीचीही सोय आहे. तुम्ही बहुधा तिच्यासारखंच काही वापरत असाल. अशा ठिकाणी मूल कांद्याचा पापुद्रा दहा वेळा काढू शकतं. सॅफ्रॅनिन हा पेशी रंगवायचा लाल रंग संपत नाही, कुणाच्या युनिफॉर्मवर लाल डाग पडत नाही. कुठला भाग कुठे, आधी कुठलं भिंग, १० चं नेत्रभिंग (डोळ्याकडचं) आणि ४५ चं वस्तुभिंग (स्लाइडकडचं) म्हणजे ४५० पट, हे सगळं तिथं चांगलं बसतं. मुख्य म्हणजे पेशी दिसते कशी, हे डोळ्याला आधी कळतं. हा फायदा लहान नाही. जे कधी पाहिलंच नाही ते भिंगाखाली ओळखणं महाकठीण. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहूकनं पाण्यात सूक्ष्मजीव पाहिल्याचं १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिक संस्थेला कळवलं, तेव्हा ते पडताळून पाहायचं काम रॉबर्ट हूककडे आलं. हा तोच हूक, ज्यानं १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात पेशी पाहून तिचं नामकरण केलं होतं. त्यालाही पहिल्या फेरीत काही दिसलं नाही. १६७७ च्या नोव्हेंबरात पुन्हा पुन्हा खटपट केल्यावर ते जीव त्याच्या भिंगाखाली आले. तुमच्या नववीतल्या मुलाला पहिल्या मिनिटात पापण्या दिसल्या, तर तो चांगल्या पंगतीत बसलाय.

आभासी यंत्रात नेमकं काय नसतं, तेही बघा. तिथं स्लाइड ठेवली की पेशी बरोबर मधोमध हजर. प्रकाश कायम हवा तेवढाच. बुडबुडा नाही, धूळ नाही, पापुद्र्याची घडी नाही. फोकसच्या पट्टीला दोन टोकं असतात आणि त्यांच्यामध्ये कुठंतरी उत्तर असतंच. खऱ्या यंत्रात तसं वचन कुणी दिलेलं नसतं. कमी शक्तीच्या भिंगाखाली तुम्हाला स्लाइडचा सुमारे पावणेदोन मिलिमीटर रुंदीचा तुकडा दिसतो. ४५ च्या भिंगाखाली तो अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी होतो, म्हणजे क्षेत्रफळानं विसावा हिस्सा. जी पेशी आधी मधोमध आणली नव्हती, ती भिंग बदलताच गायब. मूल म्हणतं, "बाई, गेलं!" कुठे गेलं, ते त्याला कळत नाही. त्यात सगळं चित्र उलटं. स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं, वर ढकलली की खाली. हे वाचून कळतं, पण बोटांना कळायला दहा मिनिटं स्वतः ढकलावं लागतं. सायकलसारखंच ते.

आपल्याकडे 'प्रयोग' हा शब्द विज्ञानातही आहे आणि नाटकातही. टीव्हीवर मुलांनी केली ती तालीम. तालमीशिवाय प्रयोगाला उभं करणारा दिग्दर्शक वेडा, पण पडदा वर जातोय आणि नट म्हणतो तालीम झाली की, आता कशाला रंगमंच, तर त्यालाही आपण शहाणा म्हणणार नाही. तुमच्या सरांचं म्हणणं साधारण असं आहे. तरी त्यांना एकदम उडवून लावू नका. त्यांच्या बाजूनं बोलण्यासारखंही आहे. पॅथॉलॉजीत आता अख्खी स्लाइड स्कॅन करून डॉक्टर ती पडद्यावर तपासतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं रोगनिदानासाठी अशा पद्धतीला २०१७ मध्ये मान्यता दिली. म्हणजे पडद्यावर पाहिलेलं सगळं दुय्यमच, असं नाही. फक्त तिथं ती स्लाइड आधी कुणीतरी हातानं तयार केलेली असते, आणि पडद्यापुढचा डॉक्टर आयुष्यभर स्क्रू फिरवून आलेला असतो.

उलट बाजू तुमच्या गावातच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातले लॅब टेक्निशियन मलेरियाची स्लाइड तपासतात ना, त्यांना विचारा. रक्ताच्या जाड लेपाची शंभर क्षेत्रं, म्हणजे भिंगाखाली एका वेळी दिसणारे शंभर तुकडे, बघितल्याशिवाय 'निगेटिव्ह' लिहायचं नाही, असं त्यांना शिकवलेलं असतं. एक हात स्लाइड सरकवतो, दुसऱ्याची बोटं बारीक स्क्रूवर सतत थोडी पुढे, थोडी मागे चालू. त्यांना जमलं तर अर्ध्या तासासाठी वर्गावर बोलवा. तुमच्या-माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा तो हात मुलांच्या लक्षात राहील.

पदार्थविज्ञानापासून जीवशास्त्रापर्यंत या वादावर पुष्कळ संशोधन झालंय. २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्याचा एक आढावा आला होता. त्याचा सूर असा की दोन्हींची बलस्थानं वेगळी आहेत आणि विचारपूर्वक सांधली तर जोडी एकट्यापेक्षा सरस ठरते. सांधायची कशी, हे मात्र ज्याच्या त्याच्या वर्गात बघावं लागतं. तुमच्या वर्गाचं बघू.

पहिली गोष्ट, 'एका तासात अख्खा वर्ग' हा हट्ट सोडा. रोज सहा मुलं घ्या, एका यंत्रावर तिघं, एक पूर्ण तास. एकेकाला दहा मिनिटांहून जास्त मिळतात. दहा दिवसांत ५६ मुलांची एक फेरी होते. उरलेली पन्नास तेवढा वेळ टीव्हीपुढे किंवा प्रयोगवहीत. आभासी प्रयोगशाळेचा खरा उपयोग इथं आहे ताई: ती यंत्राची जागा घेत नाही, यंत्रासाठी तुम्हाला वेळ काढून देते. यंत्रं खिडकीजवळ ठेवा, उत्तरेकडची असेल तर उत्तम. आरशात थेट ऊन कधीही घ्यायचं नाही, डोळा जाईल. हे पहिल्या दिवशी सांगायचं आणि रोज सांगायचं.

पहिल्या खेपेला स्लाइड देऊच नका. काम एकच: आरसा फिरवून आत पूर्ण पांढरा, कुठं सावली नसलेला गोल आणायचा. माझ्या वर्गात मुलं त्याला 'चंद्र' म्हणायची. पापण्यांचा रोग इथंच बरा होतो. डोळा भिंगाला चिकटवला की पापण्या दिसतात, फार लांब नेला की गोल आक्रसतो. डोकं अगदी हळू मागे घ्यायला सांगा, साधारण सेंटिमीटरभर अंतरावर एकदम पूर्ण चंद्र उगवतो आणि मूल "आँ!" करतं. चष्मेवाल्यांना वेगळं सांगा, कारण ती मुलं गप्प राहतात. साधा लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून बघायचं, फरक बारीक स्क्रू भरून काढतो. तिरका, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर असेल तर चष्मा ठेवायचा. आपल्यालाच काहीतरी जमत नाही असं वाटून गप्प बसलेली अशी दोन-तीन मुलं प्रत्येक वर्गात मी पाहिलीत.

मग अक्षर. वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातीतलं बारीकात बारीक अक्षर कापून पारदर्शक चिकटपट्टीनं स्लाइडवर लावा. कव्हरस्लिप नाही, पाणी नाही, फुटायचं फारसं काही नाही. शाळेत इंग्रजी अक्षर वापरायची पद्धत आहे, पण आपलं अक्षर जास्त मजा देतं: शिरोरेषा खाली जाते आणि अक्षर तिच्यावर उलटं उभं राहतं. त्यात छापील शाईचे दाणे आणि कागदाचे तंतूही दिसतात. मुलांना आधी टीव्हीपुढे विचारून ठेवा, अक्षर कसं दिसेल ते वहीत काढा. मग यंत्रावर जाऊन ताडून बघू दे. टीव्हीपुढे बसलेल्या पन्नासांना हातात अंदाज असलेलं काम मिळतं, नुसतं क्लिक नाही.

त्यानंतर दोन केस, एकमेकांवर फुली करून. एक काळा, एक पांढरा. पांढऱ्यासाठी माझ्या वर्गात माझं डोकं कायम उपलब्ध असायचं. प्रश्न: वरचा केस कुठला? बारीक स्क्रू फिरवताना एक स्पष्ट होतो तेव्हा दुसरा धूसर होतो. स्लाइडला जाडी आहे आणि आपण तिच्यात थराथरानं उतरतोय, हे मुलाला तिथं उमगतं. आभासी यंत्रात मुळात एकच सपाट फोटो असतो, तिथं हे येत नाही. कांदा यानंतर. कव्हरस्लिप ४५ अंशांत टेकवून सुईनं हळू खाली सोडायची, तरी बुडबुडे येणारच. येऊ द्या. बुडबुडा सापडला की त्याचं चित्र वहीत काढायला लावा, शेजारी 'बुडबुडा' असं लिहून. माझ्या जर्नलमध्ये ते चित्र राहून गेलं.

स्लाइड फुटण्याचं म्हणाल, तर पहिल्या फेरीपुरतं ४५ चं वस्तुभिंग काढूनच ठेवा आणि त्या भोकावर कागदाची टोपी लावा. मोठ्या शक्तीचं भिंग स्लाइडपासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर येतं, म्हणून टक्कर होते. लहान शक्तीच्या भिंगाला कित्येक मिलिमीटर मोकळे असतात. नियम एकच पाठ करून घ्या: अंतर कमी करताना डोळा बाजूनं, अंतर वाढवताना डोळा नेत्रभिंगाला. म्हणजे बाहेरून बघत भिंग स्लाइडजवळ आणायचं, आणि आत बघताना फक्त लांब न्यायचं. मोठ्या शक्तीवर गेलं की मोठ्या स्क्रूला हात नाही. तुमच्या त्या मुलानं हेच उलट केलं असणार, आणि चूक त्याची नाही. टीव्हीवर भिंग कशावर आदळतच नाही, तर सावध राहायचं त्याला कोण शिकवणार?

आता माझा लाडका भाग. सहा मुलांना कांदा दिसू लागला की तुम्ही यंत्र बिघडवून द्या. खरंच. मुलाला पाठ करून उभं करा आणि एक खोडी करा. कधी आरसा तिरपा. कधी वस्तुभिंग 'टिक्' करून जागेवर न बसवता अर्धवट. कधी प्रकाश कमी-जास्त करणारा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, जवळजवळ बंद. कधी पापुद्रा भिंगाखालून बाजूला. आणि सगळ्यात पोचलेली खोडी: स्लाइड उलटी, कव्हरस्लिप खाली. हिच्यात लहान भिंगावर सगळं ठीक दिसतं, मोठ्यावर जन्मात फोकस होत नाही, कारण मधे सव्वा-एक मिलिमीटरची काच आली आणि भिंगाला अर्धाच मिलिमीटर हवाय. ही ज्या मुलाला स्वतःहून सापडते, त्याला मी बिनदिक्कत पैकीच्या पैकी द्यायचे. डाग दिसला तर तो कुठला आहे हेही शोधायला लावा: नेत्रभिंग बोटानं फिरवलं आणि डाग फिरला तर धूळ तिथं, स्लाइड सरकवली आणि डाग सरकला तर स्लाइडवर, दोन्हींनी हलला नाही तर बहुधा वस्तुभिंगावर. नववीतली पोरं यात डिटेक्टिव्ह होतात. एकमेकांसाठी खोड्या तयार करायला लागतात आणि तुमच्याही वरताण निघतात. उलट्या स्लाइडची खोडी सोडली तर बाकी खोड्या करताना मोठं भिंग काढलेलं असू दे, एवढी काळजी घ्या.

पहिले सहा दुसऱ्या सहांचे मदतनीस. अट एकच, मदतनिसाचे हात पाठीमागे. तोंडानं काय ते सांगायचं. ही अट तुम्हालाही लागू आहे, आणि तुम्हालाच सगळ्यात जड जाणार! मूल दोन मिनिटं चुकीच्या दिशेनं स्क्रू फिरवत असताना आपला हात आपोआप पुढे जातो. मी शेवटी खिशात खडू धरून उभी राहायचे.

सगळ्यांच्या फेऱ्या झाल्या की पुन्हा सगळे टीव्हीपुढे या. तोच आभासी प्रयोग लावा आणि विचारा, यात खोटं काय काय आहे? बुडबुडे कुठे आहेत? प्रकाश कुणी लावला? चित्र उलटं सरकतंय का? जी मुलं आधी त्या पडद्याची नक्कल करत होती, ती आता त्याची परीक्षा घेतील. एका मुलीनं माझ्याकडे लिहिलं होतं, "ह्या कांद्याला वास येत नाही." मी तो मुद्दा मान्य केला.

आता मुख्याध्यापक. त्यांच्याशी शिक्षणशास्त्रावर वाद घालू नका, हरायला होतं. त्यांची भीती डेडस्टॉक रजिस्टरची, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीची आहे. सूक्ष्मदर्शक त्यात चढलेला असतो आणि तपासणीत त्याबद्दल त्यांना विचारलं जातं. स्लाइड आणि कव्हरस्लिप मात्र वापरून संपणाऱ्या वस्तू. वर्षाला इतक्या फुटतील असं आधीच लेखी मांडा, फुटतुटीची नोंद ठेवा आणि त्यांना दाखवा की ४५ चं भिंग पहिल्या फेरीत काढलेलं आहे. आरसा नसलेल्या यंत्राला बदली आरसा मिळतो का, ते प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानात विचारा. नाहीतर खाली पांढरा कागद आणि त्यावर टेबलचा दिवा तिरपा, एवढ्यावरही लहान शक्तीचं काम भागतं. बुरशीवाल्या भिंगाला घरी रुमाल घासू नका, दुरुस्तीवाल्याकडेच द्या. अजून एक उपाय सरांना आवडेल: मोबाइलचा कॅमेरा नेत्रभिंगावर नीट धरून ते चित्र स्मार्ट टीव्हीवर दाखवता येतं. म्हणजे टीव्ही वाया गेला नाही, आणि त्यावर दिसतोय तो तुमच्या मुलांनी सोललेला कांदा, त्यांच्या बुडबुड्यांसकट. पण हे प्रत्येकाची पाळी झाल्यावर करा. आधी केलंत तर पुन्हा ती रांगच झाली, फक्त बसल्या जागी.

ज्यांच्या शाळेत एकही यंत्र नाही अशाही शिक्षकांची पत्रं मला येतात, म्हणून जाता जाता: फोल्डस्कोप बघा. कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेतला, सुमारे १४० पट मोठं दाखवणारा. मोठ्या यंत्राची सर त्याला नाही, पण स्लाइड सरकवणं, फोकस शोधणं, चित्र हरवणं आणि सापडणं हे सगळं त्यात आहे, आणि मूल तो खिशात घालून घरी नेऊ शकतं. आणि घरी मुलांना आभासी प्रयोग लावून देणाऱ्या पालकांना एकच विनंती, शेजारी बसून "आता काय होईल?" असं आधी विचारा. क्लिक नंतर.

'झूम कुठनं करायचं' असं विचारणाऱ्या त्या मुलीवर वर्ग हसला असेल, तर तेवढं मात्र दुरुस्त करा. प्रश्न हुशारीचा आहे. मोबाइलमधला फोटो झूम केला की तेच चित्र ताणलं जातं, नवं काही दिसत नाही. वस्तुभिंग बदललं की आधी दिसत नव्हतं ते दिसतं. पण यालाही हद्द आहे. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात साधारण ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत, मग तुम्ही कितीही मोठं करा. हे तिला टीव्हीवर कांद्याचा फोटो बोटांनी ताणून, आणि मग यंत्रावर भिंग फिरवून, असं दोन्हीकडे दाखवा. पहिल्या सहांत तिला घ्या. आणि स्लाइड फोडणाऱ्यालाही.

ता. क. पावसाळ्याआधी चारही यंत्रं बंद पेटीत, आत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवून द्या. कोकणातल्या जून-जुलैत भिंगावर बुरशी यायला वेळ लागत नाही. खडे निळे असतील आणि गुलाबी झाले की ओले झाले समजायचं. प्रयोगशाळेतच शेकून पुन्हा निळे करता येतात. घरच्या तव्यावर शेकू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो.